एक्स्पायर्ड लिस्टिंगच्या लीड्स विकत घ्याव्यात का? फ्रिस्कोतल्या एका एजंटचा रिव्ह्यू

डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्को, प्रॉस्पर, मॅकिनी या पट्ट्यात मी घरं विकते. त्याआधी बरीच वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं. माहेर सांगलीचं. पैसे मोजून घेतलेली वस्तू ठोकून-वाजवून बघितल्याशिवाय चैन पडत नाही. एक्स्पायर्ड लिस्टिंगच्या लीड्स, म्हणजे ठरल्या मुदतीत न विकल्या गेलेल्या घरांच्या मालकांची नावं आणि नंबर, देणाऱ्या एका कंपनीची वर्गणी घेतली, उन्हाळ्याचा सगळा सीझन वापरली आणि मग बंद केली. मंडळाच्या कार्यक्रमात नवीन लायसन्स काढलेलं कोणी ना कोणी भेटतंच आणि विचारतं, "ताई, ते एक्स्पायर्डवालं घेऊ का?" म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

ज्यांना थोडक्यात हवंय त्यांच्यासाठी: रोज सकाळी दोन तास बसून अनोळखी माणसांना फोन करायचा पिंड असेल तर घेऊन बघा. नसेल तर या सेवेतला खरा कामाचा भाग तुमच्या एमएलएसच्या, म्हणजे विक्रीच्या घरांच्या एजंटांमधल्या सामायिक नोंदवहीच्या, लॉगिनमध्ये पडलेला आहे, आणि त्याचे पैसे तुम्ही आधीच भरताय.

कंपनीचं नाव लिहीत नाही. या बाजारात रेडएक्स, लँडव्हॉइस, व्हल्कन सेव्हन अशी बरीच नावं आहेत आणि आणखीही येत असतात. पडदा, बटणं, दर वेगवेगळे. मूळ रचना सगळीकडे सारखीच. मी जे सांगतेय ते त्या रचनेबद्दल आहे.

आधी, ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. टेक्ससमध्ये घर विकायला एजंट नेमला की करारात शेवटची तारीख लिहावीच लागते. ती न लिहिणं हा लायसन्सच्या कायद्याखाली नियमभंग धरला जातो. त्या तारखेपर्यंत घर विकलं गेलं नाही तर मध्यरात्री एमएलएसमध्ये त्याची स्थिती आपोआप 'एक्स्पायर्ड' होते. म्हणजे घराला विकायची इच्छा असलेला मालक आहे, तो आधी एका एजंटाला कमिशन द्यायला तयार झाला होता, आणि आज त्याच्याकडे एजंट नाही. कागदावर याहून चांगली लीड कुठली? अडचण एवढीच की हे सगळ्यांना कळतं. सकाळी आठच्या ठोक्याला त्या माणसाचा फोन वाजायला लागतो तो दुपारपर्यंत थांबत नाही. एसटी स्टँडवर बॅग घेऊन उतरलेल्या माणसाला रिक्षावाले घेरतात, तशी त्याची गत होते. त्यातला एक रिक्षावाला होण्याचे तुम्ही महिन्याला पैसे भरता.

मी भरत होते ते शंभर डॉलरच्या आसपास, एका काउंटीसाठी. फ्रिस्को अर्धं कॉलिन काउंटीत आणि अर्धं डेंटन काउंटीत येतं, हे सेल्सवाल्याला माहीत नव्हतं किंवा त्याने सांगितलं नाही. दुसरी काउंटी जोडली की पैसे वाढले. आपोआप फोन लावणारा डायलर वेगळा. जुन्या एक्स्पायर्डचा साठा वेगळा. जाहिरातीतल्या आकड्यावर जाऊ नका. तुम्हाला लागतील त्या सगळ्या गोष्टी जोडून मग शेवटचा आकडा विचारा.

या पैशांत मिळतं काय, तर सकाळी साडेसातच्या सुमाराला पडद्यावर यादी येते. घराचा पत्ता, मालकाचं नाव, मागितलेली किंमत, किती दिवस बाजारात होतं, जुना एजंट कोण, आणि खाली मालकाचे फोन नंबर: एक, दोन, कधी पाच-सहा. प्रत्येक नंबरापुढे रंग. हिरवा म्हणजे खात्रीचा, पिवळा म्हणजे बहुतेक बरोबर, लाल म्हणजे डू नॉट कॉलच्या, म्हणजे विक्रीचे फोन नको असलेल्यांच्या सरकारी यादीतला. डायलर चालू केला की एक फोन संपला की दुसरा आपोआप लागतो. बाजूला स्क्रिप्ट उघडी राहते, नोंदी करायला जागा असते, "पुन्हा कधी फोन करू" याची आठवण लावता येते. हा भाग नीट बनवलाय, टेस्टर म्हणून सांगते. पान पटकन उघडतं, अडकत नाही, फोनवरही चालतं.

आता माल. मी पहिल्या आठवड्यात फोन केलेच नाहीत. आमच्या भागातली माझ्या ओळखीची जी घरं त्या वर्षात एक्स्पायर झाली होती त्यांचे पत्ते शोधले आणि मालकांचे खरे नंबर माझ्या फोनमध्ये होते त्यांच्याशी ताडून बघितले. अमेरिकन मालकांचे नंबर बऱ्यापैकी जुळले. आपल्या लोकांचे नंबर बघून कपाळाला हात लावला.

हे नंबर येतात कुठून ते समजलं की कारण कळतं. एमएलएसमध्ये मालकाचा फोन सार्वजनिक नसतो. कंपनी घराच्या नोंदीतलं मालकाचं नाव उचलते आणि ते वेगवेगळ्या विकत घेतलेल्या माहितीसाठ्यांशी जुळवते. याला स्किप ट्रेसिंग म्हणतात. जुळवणी नाव, आडनाव आणि पूर्वीच्या पत्त्यांवर चालते. ज्याचं कुटुंब तीन पिढ्या टेक्ससात आहे, त्याचा माग नीट लागतो. आपल्याकडे माणूस एच-वन व्हिसावर येतो, पहिली दोन वर्षं रूममेटबरोबर, मग अपार्टमेंट, मग नोकरी बदलली म्हणून दुसरं राज्य, मग इथे घर. खरेदीखतावर नाव पासपोर्टप्रमाणे, म्हणजे मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं. फोनचं बिल दुसऱ्याच नावाच्या फॅमिली प्लॅनमध्ये. तेलुगू आणि तमिळ मंडळींचं तर आडनाव कुठलं आणि स्वतःचं नाव कुठलं यातच यंत्र गडबडतं, कारण नोंदीत दोन्ही उलटसुलट पडलेली असतात. आणि पटेल, शहा, रेड्डी, पाटील यांची एकसारख्या नावाची माणसं ह्यूस्टनपासून न्यू जर्सीपर्यंत पसरलेली आहेत.

परिणाम असा की माझ्या एका मैत्रिणीच्या घरापुढे हिरव्या रंगात जो नंबर होता तो तिच्या जुन्या अपार्टमेंटमधल्या रूममेटचा. दुसऱ्या एकाच्या नावापुढे त्याच नावाचे ह्यूस्टनमधले डॉक्टर. ते बिचारे म्हणाले, "मी फ्रिस्कोत घर घेतलेलंच नाही, पण तुमच्यासारखे बरेच जण ते विकायला बघतायत." फ्रिस्कोसारख्या शहरात, जिथे आपले लोक एवढ्या संख्येने आहेत, तिथे ही त्रुटी किरकोळ नाही. तुम्ही ही सेवा घेणार ती बहुधा "आपल्या लोकांमध्ये माझी ओळख आहे" या जोरावर, आणि नेमकं तिथेच तिचं गणित चुकतं. सपोर्टला लिहिलं तर उत्तर आलं की चुकीच्या नंबरापुढे खूण करा, यंत्र शिकत जाईल. मी खुणा करत गेले. यंत्र शिकलं असेल तर मला दिसलं नाही.

दुसरी भानगड स्थितीची. यादीला नाव 'एक्स्पायर्ड', पण त्यात कॅन्सल्ड आणि विथड्रॉनही मिसळलेली असतात. हा फरक कागदावर छोटा आणि प्रत्यक्षात लायसन्सच्या मुळाशी जाणारा आहे. विथड्रॉन म्हणजे घर बाजारातून काढलं, पण जुन्या एजंटाशी करार बहुतेकदा अजून जिवंत असतो. दुसऱ्या रिअल्टरचा करार चालू असताना त्याच्या अशिलाला गाठायचं नाही, हे नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्सच्या आचारसंहितेच्या सोळाव्या कलमाचं सार आहे. तक्रार झाली तर "मला कंपनीच्या यादीत मिळालं" हे उत्तर चालत नाही. फिल्टरमध्ये विथड्रॉन बंद करायची सोय होती, पण सुरुवातीला विथड्रॉन चालूच ठेवलेलं. का, ते उघड आहे: यादी लांब दिसते.

आणि खऱ्या एक्स्पायर्डमध्येही पाणी बरंच. काही घरं त्याच दिवशी त्याच एजंटाकडे पुन्हा लिस्ट होतात. करार वाढवायचा राहिलेला असतो एवढंच. काही मालक घर भाड्याने लावतात. हे सगळं एमएलएसमध्ये लगेच दिसतं, कंपनीच्या पडद्यावर दुपारी किंवा दुसऱ्या दिवशी. म्हणून प्रत्येक फोनआधी मी एन्ट्रीस, म्हणजे आमच्या उत्तर टेक्ससच्या एमएलएसमध्ये पत्ता टाकून खात्री करायचे. मग डायलरच्या वेगाचा फायदा काय राहिला, हा प्रश्न दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मला पडलाच.

कायद्याबद्दल जरा बसून वाचा. आपल्याकडे बरेच जण आयटीची नोकरी सांभाळून १८० तासांचे कोर्स करतात, परीक्षा देतात आणि लगेच डायलर घेतात. त्या १८० तासांत फोनवरच्या विक्रीबद्दल लक्षात राहील असं थोडंच असतं. नॅशनल डू नॉट कॉल रजिस्ट्री २००३ पासून आहे. मालकाचा नंबर त्यात असेल तर घर एक्स्पायर झालं म्हणून तुम्हाला फोनची परवानगी मिळत नाही. पूर्वीच्या व्यवहाराच्या नात्याची १८ महिन्यांची सवलत असते, पण ती जुन्या एजंटाला. तुम्ही त्या माणसाचे कोणीच नाही. रजिस्ट्रीची यादी निदान दर ३१ दिवसांनी ताजी करून घ्यावी लागते. फोन सकाळी आठच्या आत नाही, रात्री नऊनंतर नाही, तेही समोरच्याच्या घड्याळाप्रमाणे. १९९१ च्या टीसीपीए, म्हणजे विक्रीच्या फोनांना लगाम घालणाऱ्या कायद्याखाली ज्याला त्रास झाला तो माणूस स्वतः कोर्टात जाऊन प्रत्येक कॉलमागे ५०० डॉलर मागू शकतो, आणि मुद्दाम केलं असं ठरलं तर १५०० पर्यंत. सरकारी दंड तर कॉलमागे पन्नास हजार डॉलरांच्या वर जाऊ शकतो.

यात एक गोष्ट नव्या लोकांना कोणी सांगत नाही. सरकारी रजिस्ट्री तपासायला पहिले पाच एरिया कोड फुकट असतात. आपल्या बाजूला २१४, ४६९, ९७२ आणि ९४५ एवढे चारच. खातं उघडलं की तुमचं तुम्हाला तपासता येतं. कंपनीच्या लाल-हिरव्या रंगावर सगळा भरवसा ठेवायची गरज नाही. मी तपासलं तेव्हा हिरवे दाखवलेले काही नंबर रजिस्ट्रीत होते. कदाचित कंपनीची यादी चार आठवडे जुनी असेल. नोटीस आली तर ती माझ्या नावाने येईल, त्यांच्या नाही.

सीझनच्या मध्यावर त्यांच्या माणसाचा फोन आला. आता एआयच्या आवाजात आपोआप फोन लावायची नवी सोय आहे, तुम्ही झोपलेल्या असलात तरी लीड्स तयार होतील, असं तो म्हणाला. मी विचारलं, मालकाची लेखी संमती कोण घेणार? तो म्हणाला, बरेच एजंट वापरतायत. एफसीसीने, म्हणजे दूरसंचारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट केलंय की एआयने बनवलेला आवाज हा टीसीपीएमधला 'कृत्रिम आवाज'च धरला जाईल. त्याआधी नोव्हेंबर २०२२ मध्ये, फोन न वाजवता थेट व्हॉइसमेलमध्ये निरोप टाकण्यालाही तोच कायदा लागू केला. दोन्ही गोष्टी संमतीशिवाय करायच्या नाहीत. हे मी त्याला सांगितल्यावर तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही वकील आहात का?" नाही बाबा, टेस्टर आहे.

आता फोन. त्यांच्या स्क्रिप्ट्स अमेरिकन सेल्सच्या पठडीतल्या: आवाजात उत्साह, पहिल्याच वाक्यात "तुमचं घर का विकलं गेलं नाही असं तुम्हाला वाटतं?" हा प्रश्न त्या सकाळी चौथ्यांदा ऐकणाऱ्या माणसाला काय वाटत असेल! मी स्क्रिप्ट बाजूला ठेवली. एका मराठी काकांना फोन लागला. त्यांचा नंबर मात्र बरोबर होता.

"तुम्ही पण घराबद्दलच ना?" पहिलं वाक्य त्यांचं.

"हो काका. पण विकत घ्यायला नाही, आणि आज भेटायलाही मागत नाही."

"मग कशाला केला फोन?"

"तुमचं घर ऑप्शनमधून दोनदा परत आलंय. फाउंडेशनचं काही निघालं का, एवढंच विचारायचं होतं."

पलीकडे जरा वेळ काही नाही. मग काका वीस मिनिटं बोलले. आधीच्या एजंटाने त्यांना कधी नीट सांगितलंच नव्हतं की घर बघून गेलेल्यांचं म्हणणं काय आहे. त्यांनी मला लिस्टिंग दिली नाही, घर भाड्याने लावलं, आणि ते त्यांच्या दृष्टीने योग्यच होतं. २०२१ च्या सुरुवातीला तीन टक्क्यांच्या आत मिळालेलं कर्ज सोडून सात टक्क्यांचं नवं कोण घेईल? पण नंतर त्यांनी माझं नाव दुसऱ्या दोघांना सुचवलं.

ते वीस मिनिटांचं बोलणं कशामुळे झालं हे मी बारकाईने बघितलं. नंबर कंपनीने दिला, खरं. पण बोलायला विषय एमएलएसच्या इतिहासाने दिला. घर कराराखाली गेलं, आठवड्याच्या आत परत आलं, पुन्हा गेलं, पुन्हा परत आलं, हे सगळं तिथे तारखांसकट दिसतं. आमच्याकडे खरेदीदार थोडी फी भरून काही दिवसांचा ऑप्शन पिरियड घेतो आणि त्या काळात कुठल्याही कारणाने अंग काढून घेऊ शकतो. एकदा झालं तर योगायोग. दोनदा, तेही इन्स्पेक्शनच्या सुमाराला, म्हणजे घरात काहीतरी सापडतंय. उत्तर टेक्ससची काळी चिकणमाती पाऊस पडला की फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. पायाला तडे जाणं इथे नेहमीचं. नाहीतर गारपिटीत मार खाल्लेलं छप्पर आणि त्यावर विमा कंपनीने घातलेल्या अटी. कंपनीच्या पडद्यावर या घराबद्दल एकच ओळ होती: बाजारात किती दिवस. का, ते कुठेच नाही.

म्हणून सीझन संपता संपता मी उलट्या बाजूने काम करायला लागले, आणि या रिव्ह्यूतला माझ्या मते सर्वांत उपयोगाचा भाग हाच.

एमएलएसमध्ये गेल्या सहा ते अठरा महिन्यांत एक्स्पायर झालेली आणि पुन्हा लिस्ट न झालेली घरं शोधायची. भाग छोटा ठेवायचा, दोन-तीन सबडिव्हिजन पुरेत. मग प्रत्येकाचा इतिहास वाचायचा. किंमत किती वेळा उतरवली आणि कधी: २०२२ च्या वसंतात शेजाऱ्याला मिळालेल्या किमतीवर अडून बसलेली घरं लगेच ओळखू येतात. फोटो: स्वयंपाकघराचा एकही फोटो नसेल तर तिथे काय आहे ते कळतंच. घराचं तोंड: आपल्या खरेदीदारांत पूर्वमुखी घराला पसंती आणि दक्षिणमुखीला नकार हे इथलं वास्तव आहे, तुम्ही वास्तू माना किंवा मानू नका. दक्षिणमुखी घर फक्त आपल्याच लोकांत फिरवलं गेलं असेल तर चूक घराची नाही. जवळ बिल्डरची नवी वसाहत चालू आहे का: सेलिना-प्रॉस्परकडे बिल्डर स्वतःच्या पैशाने व्याजदर खाली आणून देतात, आणि तेवढ्याच किमतीत दहा वर्षं जुनं घर घेऊन कोणी का यावं, याचं उत्तर जुन्या एजंटाने जाहिरातीत दिलेलंच नसतं.

मग काउंटीच्या अप्रेझल डिस्ट्रिक्टची, म्हणजे करासाठी घरांची किंमत ठरवणाऱ्या कार्यालयाची, वेबसाइट. कॉलिनची वेगळी, डेंटनची वेगळी, दोन्ही फुकट. मालकाचं नाव, टपालाचा पत्ता, खरेदीखताची तारीख, होमस्टेड सवलत (स्वतःच्या राहत्या घरावरची करसवलत) आहे की नाही. टपालाचा पत्ता घराच्या पत्त्यापेक्षा वेगळा आणि होमस्टेड नाही, तर बहुधा गुंतवणूकदार; त्याच्याशी बोलायचं ते भाड्याच्या उत्पन्नाबद्दल आणि करांबद्दल. खरेदीखत २०२० किंवा २१ चं असेल तर त्याचं कर्ज स्वस्तातलं आहे. जानेवारी २०२१ मध्ये तीस वर्षांच्या कर्जाचा सरासरी दर २.६५ टक्क्यांवर होता, गृहकर्जं विकत घेणाऱ्या फ्रेडी मॅक या संस्थेच्या नोंदींतला नीचांक. ऑक्टोबर २०२३ मध्ये तोच ७.७९ वर गेला. हा मालक घाईत नाही, त्याला घाई करून उपयोगही नाही. आणि विक्रीची किंमत मात्र इथे सापडणार नाही, कारण टेक्ससात ती जाहीर करायची सक्ती नाही. तिच्यासाठी पुन्हा एमएलएस.

यानंतर पत्र. कागदावर, टपालाने, त्या एका घराबद्दल. पहिल्या दर्जाचं तिकीट २०२५ च्या जुलैत ७८ सेंटचं झालं. महिन्याच्या वर्गणीत शंभराहून जास्त पत्रं जातील, आणि तेवढी लिहिण्याइतकी चांगली घरं मिळणारही नाहीत. पत्रात स्तुती नाही, "माझ्याकडे खरेदीदार तयार आहे" अशी थाप नाही. इतिहासात जे दिसलं ते नम्रपणे, आणि मी काय वेगळं करेन ते तीन-चार ओळींत. ज्याच्या हाताखाली तुम्ही काम करता त्या ब्रोकरचं नाव पत्रावर ठळक घ्या: टेक्सस रिअल इस्टेट कमिशनच्या नियमाप्रमाणे ते एजंटाच्या सर्वांत मोठ्या संपर्क-मजकुराच्या निदान निम्म्या आकाराचं लागतं. आणि खाली एक ओळ, की घर सध्या दुसऱ्या ब्रोकरकडे असेल तर हे पत्र तुमच्यासाठी नाही.

एका दक्षिणमुखी घराच्या मालकीणबाईंनी मला असंच पत्र वाचून बोलावलं. घर वर्षभर बाजारात नव्हतं. त्यांनी पत्र फ्रिजवर लावून ठेवलं होतं, आणि पहिला प्रश्न विचारला तो जुन्या एजंटाबद्दल: त्यालाही कमिशन द्यावं लागेल का? हा प्रश्न जवळपास प्रत्येक एक्स्पायर्ड मालकाच्या मनात असतो आणि कुठल्याही स्क्रिप्टमध्ये त्याचं उत्तर नव्हतं. करारात प्रोटेक्शन पिरियडचं कलम असतं. जुन्या एजंटाच्या काळात घर बघून गेलेल्याने नंतर ठरावीक दिवसांत ते घेतलं तर त्या एजंटाचा कमिशनवरचा हक्क उभा राहू शकतो. वर्षानंतर तो काळ सहसा उलटलेला असतो. त्यांचा करार मागवून कलम वाचून दाखवलं, तेव्हा बाई मोकळ्या झाल्या. कमिशनबद्दलही ऑगस्ट २०२४ पासून बरंच बदललंय. खरेदीदाराच्या एजंटाला किती द्यायचं ते आता एमएलएसवर लिहिता येत नाही आणि तो विषय मालकाशी वेगळा बोलावा लागतो. ज्यांचा करार त्याआधीचा होता त्यांना हे माहीतच नसतं. बोलायला हा आणखी एक खरा विषय.

हे सगळं ऐकून कोणी म्हणेल, मग सेवा अगदीच वाया का? नाही. जुन्या एक्स्पायर्डचा जो वेगळा साठा ते विकतात त्यातली नकाशाची सोय मला आवडली. एका गल्लीत वर्षभरात कुठली घरं अडकली ते एका नजरेत दिसतं, आणि एमएलएसमध्ये तसा नकाशा काढायला जरा खटाटोप आहे. नोंदींची आणि आठवणींची सोय चांगली. माझ्या ऑफिसात एक जण आहे, तो रोज पहाटे व्यायाम करून येतो, आठला हेडसेट लावतो आणि दहापर्यंत उठत नाही. नकार आला की हसतो. त्याला यातून लिस्टिंग मिळतात, आणि त्याच्या भागात आपली वस्तीही फार नाही, त्यामुळे नंबर बरे जुळतात. त्याच्यासाठी या पैशांची वसुली एका व्यवहारात होते. माझ्यासारखीला दिवसभर पुरेल एवढा संताप पहिल्या अर्ध्या तासात मिळतो.

तारांकन विचाराल तर पाचपैकी सॉफ्टवेअरला चार, नंबरांना दोन, आणि सेल्सच्या माणसाला काहीच नाही.

घेणारच असाल तर वर्षाची वर्गणी सवलतीत मिळते म्हणून भुलू नका, महिन्याची घ्या. पहिल्याच दिवशी तुमच्या ओळखीची दहा घरं टाकून नंबर ताडून बघा. निम्मे चुकले तर त्याच आठवड्यात पैसे परत मागा, सुरुवातीचे काही दिवस ते देतात. फिल्टरमधून विथड्रॉन काढून टाका. आणि बंद करताना, वेबसाइटवर त्याचं बटण मिळालं नाही, फोनच करावा लागला. त्यात आधी सवलत, मग एक महिना फुकट, मग मॅनेजर, असा तासभर गेला. फोन करण्याआधी तुमच्या सगळ्या नोंदी सीएसव्हीमध्ये उतरवून घ्या. मॅनेजर "ओके" म्हणाला त्या क्षणी माझं लॉगिन बंद झालं होतं.